तळहातावरचं चाक

माझा पुतण्या सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो. मला ऐकू कमी येतं असं त्याला वाटतं. मला ऐकू चांगलं येतं. मी उत्तर देत नाही, एवढंच. परवा त्यानं कुठल्याशा परदेशातली बातमी वाचली. तिथं काम सुटलेल्या माणसाला सरकार भत्ता देतं, पण त्यानं काम शोधत हिंडलं पाहिजे आणि हिंडल्याचा पुरावा आणून दाखवला पाहिजे. पुतण्या म्हणाला, "अट बरोबर आहे. नाहीतर लोक बसून खातील." मी मेथी निवडत होते, तशीच निवडत राहिले. पण डोकं तापलं ते दिवे लागेपर्यंत तापलेलंच होतं.

बसून खाण्याची गोष्ट ज्याला सुचते तो सहसा खाऊन बसलेला असतो. पुतण्या गुणी आहे, त्याला काय बोलायचं? पण मी आणि माझ्या आईनं पुराव्यासकट काम शोधलेलं आहे. तो पुरावा आम्ही तळहातावर घेऊन फिरत होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण सांगायला लागलं की दमायला होतं. अजूनही होतं.

आई केम गावची. माझे वडील गेले तेव्हा मी तिच्या कडेवर होते. मामा बैलगाडी जुंपून आम्हाला न्यायला आला आणि आम्ही त्याच्याकडे राहिलो. पण पुढच्या सुगीच्या आतच आई मला घेऊन केमच्या स्टेशनावर आली आणि सोलापूरच्या गाडीत बसली. मामाकडे काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. फार विचारलं तर म्हणायची, "भावजयीच्या हातची भाकर गिळताना पाणी लई लागतं." सोलापुरात तिला गिरणीत काम मिळालं, भाड्याची एक खोली मिळाली, आणि त्यानंतर तिनं कुणाच्या दारात हात पसरला नाही. परत भावाच्या दारी जायचं नाही, हा तिचा एकच हट्ट होता. बाकी तिला कशाचीच हौस नव्हती.

ती रिळिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत मोठ्या रिळावर घ्यायचं आणि त्याच्या लड्या काढायच्या, असं ते काम. सगळ्या बायकाच. दिवसभर उभं राहायचं, धागा तुटला की चिमटीत धरून गाठ मारायची. मी मराठी चौथी पास झाले, थोडी वाढले, आणि तिच्याच शेजारी उभी राहिले. आईची गाठ इतकी बारीक असायची की बोटाला लागायची नाही. तिला त्याचा गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

या खात्याची एक रीत होती. रोज सकाळी भोंगा झाला की आत जायच्या आधी नायकिणीपुढं दोन्ही तळहात उताणे धरायचे. नायकीण म्हणजे आमच्यावरची मुकादम, उंच, कपाळावर मोठं कुंकू, बोलायला फटकळ. ती एकेकीचा हात डोळ्यांजवळ नेऊन बघायची. मेंदी चालत नसे, हळद चालत नसे, तेलाचा तर वाससुद्धा नको. सूत पांढरंशुभ्र. त्याला डाग लागला की लडी बाद व्हायची आणि दंड नायकिणीच्या बोडक्यावर बसायचा. नागपंचमीला सगळ्या पेठेतल्या पोरींचे हात लाल व्हायचे तेव्हा आमचे कोरडे असत. मला त्याचं वाईट वाटायचं. आई म्हणायची, "रंगलेल्या हाताला कोण पगार देतं गं?"

मग मंदी आली. मंदी हा शब्द मला पुढं कळला. तेव्हा एवढंच दिसलं की गोदामात कापडाच्या गठड्या छताला टेकल्या आणि आमचं निम्मं खातं बंद झालं. ज्यांची नावं कमी झाली त्यात आम्ही दोघी होतो. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं तर बदली म्हणून घेऊ, रोज सकाळी दारावर येत जा, असं सांगितलं. आम्ही रोज जायला लागलो. दारावर चाळीतल्या ओळखीच्या बायकाच असत, पण कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. जिला आत बोलावलं जाई तिच्याकडे बाकीच्या बघत नसत.

त्याच सुमाराला आमच्या पेठेतल्या एका कापडाच्या शेठनं धर्मशाळेत जोंधळे वाटायला सुरुवात केली. काम सुटलेल्या घरांना आठवड्याच्या बाजारादिवशी माणशी शिधा. माणूस वाईट नव्हता हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या घरात त्या दिवसांत जी भाकरी झाली ती त्याच्या जोंधळ्याची होती. पण आयतं मिळालं की माणूस आळशी होतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, किंवा त्याचं त्यालाच वाटलं होतं. म्हणून त्यानं अट घातली. ज्याला शिधा हवा त्यानं रोज निदान दोन दारांवर जाऊन काम मागितलं पाहिजे. मागितलं हे कळायचं कसं? तर दारावरचा दरवान मागणाऱ्याच्या हातावर छाप मारेल. शेठनं लाकडाचे छोटे ठसे कोरून घेतले आणि दारोदारी वाटले. आमच्या गिरणीच्या दाराला चाक, आणि स्टेशनाकडच्या जिनाला, जिथं सरकी वेगळी करतात तिथं, पिंपळपान. शाई मात्र त्याच्या धंद्यातली होती. कापडाच्या थानावर नाव छापतात ती. धोब्यालाही जुमानत नाही अशी.

छाप कुठं मारायचा यावरही विचार झाला होता म्हणे. मनगटावर मारावा तर बाईमाणसाचं मनगट परक्या पुरुषानं धरायचं कसं? त्यात बांगड्या. म्हणून तळहात. बाईनं आपला आपण फळीवर उताणा ठेवायचा, दरवानानं वरून ठसा टेकवायचा, शिवाशिव नको. आणि हात उजवाच. जोंधळे डाव्या हातानं घेणं बरं दिसत नाही, आणि शेठचा मुनीम जोंधळे मापून घालताना पुढं केलेला उजवा तळहात बघणार. सगळं कसं रीतीला धरून होतं. चार शहाणी माणसं एकत्र बसली की असंच होतं.

सुरुवातीला आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहाटे उठायचं, गिरणीच्या दारावर भोंग्यापर्यंत थांबायचं, काम नाही म्हटलं की हात फळीवर ठेवायचा. मग तळ्याच्या कडेनं जिनाकडे चालायचं. तिथं दुपारपर्यंत थांबायचं, कारण तिथला दरवान जेवायच्या आधी ठसा बाहेर काढत नसे. उन्हात परत यायचं. काम शोधण्यातच सगळा दिवस जायचा आणि अंग असं मोडून यायचं की रिळावर उभं राहून कधी आलं नव्हतं. रिळावर निदान हातांना काही असायचं. आई चालताना एकदा म्हणाली, "पायाला बी पगार पायजे व्हता." हसली नाही.

छाप रोजच्या रोज घ्यावा लागे. ताजा काळा असायचा, मग निळसर पडायचा, आणि मुनीम निळा बघितला की मान हलवायचा. म्हणून छाप जपावा लागे. आई उजव्या हातानं भांडी घासेना. भाकरी थापताना पिठाला शाई लागायची म्हणून तिनं डाव्या हातानं थापायची सवय केली. त्या भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या आणि तिला त्यांची लाज वाटायची. खाणारी मी एकटीच होते तरी.

आणि मग एका सकाळी नायकिणीनं दारावर येऊन बदलीला बायका मागितल्या. आई पुढं होती, नायकीण तिला ओळखत होती, तिच्या गाठी तिला ठाऊक होत्या. तिनं आईकडे बोट केलं. आई पुढं झाली आणि रीतीप्रमाणं दोन्ही तळहात उताणे धरले.

नायकिणीनं उजवा हात बघितला. बोट फिरवलं, ते बोट पदराला पुसलं. म्हणाली, "ही शाई सुताला लागंल की. धुऊन ये."

"धुतल्यानं जात न्हाय ती," आई म्हणाली.

"मग मी काय करू? दंड तू भरतीस का?" आणि तिनं मागच्या दुसऱ्या बाईला बोलावलं. त्या बाईचा नवरा अजून साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, कामाला होता. तिला शिध्याची गरज नव्हती म्हणून तिच्या हातावर चाकही नव्हतं, पानही नव्हतं. ती आत गेली. मला तेव्हा तिचा राग आला. आज येत नाही, पण तेव्हाचा आठवतो.

त्या दिवशी आम्हाला ध्यानात आलं की काम मागितल्याची खूण हातावर आहे तोवर काम मिळणार नाही, आणि खूण पुसली तर शिधा मिळणार नाही. एवढी साधी गोष्ट शेठला कळली नव्हती, मुनिमाला कळली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कळली नव्हती. आयुष्यभर सकाळी हात दाखवून आत गेलेल्या बायका आम्ही, आणि त्याच हातावर मुकाट्यानं शाई लावून घेतली.

आई मुनिमाकडे गेली. मीही बरोबर होते. आई म्हणाली, "छाप दुसरीकडं कुटं मारता यील का? हाताच्या मागच्या अंगाला? रिळावर डागाचा हात घेत न्हाईत."

मुनीम समजूतदारपणे हसला. "अहो बाई, काम मिळालं की छाप कशाला लागतोय? मग धुऊन टाका."

"धुतल्याबिगर काम मिळत न्हाय."

"मग आधी काम मिळवा," तो म्हणाला. "आणि हे शेठजींनी ठरवलंय. माझ्या हातात काय आहे?" त्याचे हात स्वच्छ होते. मी बघितले.

नायकिणीकडेही आई गेली. तीही हेच म्हणाली, उलट्या बाजूनं. पण नायकीण बाईच होती, आणि आईच्या गाठी तिला हव्या होत्या. जाता जाता ती हळूच बोलली, "बाजारच्या दिवशी सकाळी पाच-सहा बाया कायमच्या घ्यायच्या हाईत. साहेबाचा हुकूम हाय. हात चोख करून ये. मी तुजी वाट बघीन."

बाजारच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी शिधा त्याच दिवशी. सकाळी काम, दुपारी शिधा. हात चोख करून गेलं आणि घेतलं नाही तर दुपारी दाखवायला काही नाही, कारण एका दिवसाच्या छापावर कुणी शिधा नेऊ नये म्हणून बाजारादिवशी दरवान ठसा शिधा वाटून झाल्यावरच काढत. आईनं विचार केला तो बोलून दाखवला नाही, पण मला कळत होतं. ती एका बाजूला जोंधळे आणि दुसऱ्या बाजूला केम बघत होती. मामाचा निरोप दोनदा येऊन गेला होता: हट्ट सोड, या दोघी. निरोपात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण 'हट्ट' हा शब्द होता.

आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर आई मोरीपाशी बसली. मला म्हणाली, "तू तुजा छाप ठेव. एकीचा तरी शिधा यील." मग तिनं चुलीतली राख घेतली. राखेनं शाई हलली नाही. चिंच घेतली, मीठ घेतलं, शेजारच्या तेलुगू साळणीनं लिंबाची साल दिली. साळणीच्या घरी हातमाग होता, सूत रंगवायचं काम चाले, तिला डागांचं कळत होतं. ती म्हणाली, राहू दे अक्का, हे आपोआप जाईल तेव्हाच जाईल. आईनं ऐकलं नाही. टाचा घासायची वजरी होती घरात, काळी, भोकाभोकांची. ती तिनं हातात घेतली.

मी म्हटलं, "आई, पुरे." ती घासत होती. चाक आणि पान आधी निळं झालं, मग राखी, मग तिथं नुसता लाल तळवा उरला. पाणी ओतलं तेव्हा तिनं दात आवळले. मग हात दिव्यापुढं धरला आणि म्हणाली, "बग. गेलं." तिचा चेहरा इतका खूश होता की मला रडू आलं. मी रडले ते तिला आवडलं नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. नायकीण आली, तिनं खरंच आईलाच आधी बोलावलं. आईनं तळहात धरले. शाई नव्हती. नायकिणीचा चेहरा उजळला, आणि मग तिनं रीतीप्रमाणं कमरेला खोचलेली सुताची लडी काढून आईच्या तळहातावरून ओढली. हेही असायचं, हात खरबरीत आहे का ते त्यानं कळतं. सूत अडकलं. सोलल्या कातडीच्या कडांना त्याचे तंतू धरले. नायकिणीनं सोडवलं तेव्हा पांढऱ्या लडीवर बारीक लाल ठिपके होते.

नायकिणीनं लडी उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "काय केलंस गं हे?"

"तुमीच चोख करून ये म्हणाला व्हता," आई म्हणाली.

"कातडी भरली की ये." ती लडी तिनं घडी करून परत कमरेला खोचली. दुसऱ्या बायकांचे हात बघत ती पुढं गेली, आणि आमच्याकडे तिनं पुन्हा बघितलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही बघवलं नसतं. सगळ्या जागा आमच्यादेखत भरल्या.

दुपारी धर्मशाळेत माझा छाप बघून मुनिमानं माझा शिधा घातला. आईनं पदर पसरला आणि उजवा हात वर धरला. मुनिमानं तो बघितला, अगदी नीट बघितला.

"या आठवड्यात काम मागितलं नाही?"

"मागाय‌लाच धुतला जी."

"असेल. पण मला ते कसं कळणार?" तो म्हणाला. आवाजात खोट नव्हती. त्याला खरंच कळणार नव्हतं. मागून लोक ढकलत होते. आम्ही बाजूला झालो.

मला वाटलं, आता घरी जायचं. आई घराकडे वळली नाही. ती सरळ गिरणीच्या दारावर गेली. दरवान म्हातारा होता, मऊ बोलायचा. आईनं सोललेला हात फळीवर उताणा ठेवला. त्यानं ठसा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून थांबला.

"नक्को अम्मा, जलेगा. बायाँ हात लाओ."

"डावा चालत न्हाय," आई म्हणाली. "उजवाच पायजे. मारा."

तो माझ्याकडे बघायला लागला. आई पुन्हा म्हणाली, "मारा की." त्यानं डोळे दुसरीकडे केले आणि ठसा टेकवला. आईचा डावा हात माझ्या दंडावर होता, तिथं नंतर वळ उठले.

हात चांगला चिघळला. साळणीनं हळद भरली, कडुलिंब बांधला. बरा व्हायला वेळ लागला, आणि बरा झाला तेव्हा शाई कातडीखाली बसली होती. गोंदण बसतं तशी. निळसर चाक, एका बाजूनं फाकलेलं. सुताला ती आता लागली नसती. आईनं नायकिणीला ओला कपडा हातावर घासून दाखवला, कपडा पांढराच राहिला. नायकीण म्हणाली, "मला कळतंय गं. पण सायबानं बगितलं तर त्याला कोण समजावणार?" जागा तशीही नव्हती.

थंडी पडायच्या सुमारास शिधाही बंद झाला. शेठचाच माल उठत नव्हता. दारावरच्या फळ्या काढून टाकल्या, ठसे कुठं गेले कुणास ठाऊक. खोलीवाल्यानं आणखी काही दिवस कळ काढली, तोही काही राजा नव्हता. मग एके दिवशी आईनं भांडी पोत्यात भरली. मी पोत्याचं तोंड धरलं. केमचं तिकीट काढताना तिनं डावा हात खिडकीत घातला.

स्टेशनावर मामा न्यायला आला होता. त्यानं आईच्या हातातलं पोतं घेतलं, एवढंच. घरी पोचलो तेव्हा मामी चुलीपुढं होती. तिनं मला जवळ घेतलं, आम्हाला पाणी दिलं. आई थोडी टेकली, मग लगेच उठली आणि पदर खोचून म्हणाली, "सरा वैनी, मी थापते भाकरी." आल्या दिवसापासून कामाला लागायचं, कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही, हे तिनं गाडीतच ठरवलं असणार. ती परातीपुढं बसली आणि पिठात उजवा हात घालणार, तेवढ्यात मामीची नजर तळहातावर गेली.

मामी वाईट मनानं बोलली नाही. प्रवासातून आलेल्या माणसाला कुणीही सांगेल तसं सांगितलं.

"वन्सं, हात तेवढा धुऊन घ्या."

आई उठली. दारातल्या रांजणातून तांब्या भरून घेतला आणि बाहेरच्या दगडावर बसून हात धुवायला लागली. मी उंबऱ्यात उभी होते. 'ते जात नाही, मामी,' एवढंच मला म्हणायचं होतं, पण आईनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिनं अंगारा लावल्यासारखी चिमूटभर माती घेतली, तळहाताला चोळली, पाणी ओतलं, पुन्हा चोळली. मग आत येऊन परातीपुढं बसली आणि डाव्या हातानं भाकरी थापायला लागली.